√झ ला शून्यापाशी एकच किंमत आहे, तरी ब्रँच पॉइंट शून्यच कसा?

एमएस्सी_भाग_एक, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. संमिश्र विश्लेषणाचा पेपर जवळ आला आहे आणि ब्रँच पॉइंट, म्हणजे शाखाबिंदू, या एका संकल्पनेपाशी मी आठवडाभर अडून बसले आहे. टंकलेखनाच्या सोयीसाठी संमिश्र चलाला मी झ म्हणते आणि −१ च्या वर्गमुळासाठी आय लिहिते.

माझ्या वहीत असे लिहिलेले आहे की, बहुमूल्य फलनाच्या किमती ज्या बिंदूपाशी एकमेकींपासून फुटतात, तो शाखाबिंदू. आता √झ घ्या. झ = ४ असताना २ आणि −२ अशा दोन किंमती मिळतात, झ = −९ असताना ३आय आणि −३आय मिळतात; फक्त झ = ० असतानाच एकुलती एक किंमत मिळते, ती म्हणजे शून्य. म्हणजे ज्या एका बिंदूवर फलन बहुमूल्य नाही, नेमका तोच शाखाबिंदू ठरतो आणि जिथे खरोखर दोन किंमती आहेत ते सगळे बिंदू साधे ठरतात. मला हे उलटे वाटते. वर्गात विचारले तेव्हा "शून्य लक्षात ठेवा" एवढेच उत्तर मिळाले. परंतु लक्षात ठेवून माझे समाधान होत नाही.

दुसरी अडचण √(झ² − १) ची. एका पुस्तकात −१ पासून १ पर्यंतचा रेषाखंड कापला आहे, म्हणजे तो ओलांडायचा नाही असे ठरवले आहे, तर दुसऱ्यात −१ पासून डावीकडे आणि १ पासून उजवीकडे अनंतापर्यंत दोन काप दिले आहेत. यांतले बरोबर कोणते? आणि अनंत हाही या फलनाचा शाखाबिंदू आहे का?

तिसरी गोष्ट मी पायथॉन या संगणकभाषेत करून पाहिली. झ = −२ ठेवून √(झ² − १) काढले तर १.७३२ येते, आणि √(झ − १) व √(झ + १) यांचा गुणाकार केला तर −१.७३२ येते. चूक नेमकी कुठे होते आहे?

निवृत्त_गणितशिक्षक, राजारामपुरी

तुमची पहिली शंका अगदी रास्त आहे, आणि ती वहीतल्या वाक्यामुळे निर्माण झाली आहे. शाखाबिंदू ओळखताना त्या बिंदूवर किती किंमती आहेत हे मोजायचे नसते. त्या बिंदूभोवती एक फेरी मारून मूळ जागी परत आल्यावर किंमतही मूळचीच राहते का, हे पाहायचे असते.

कल्पना करा की तुम्ही रंकाळ्याच्या मध्यावर होडीत उभ्या आहात आणि तुमची मैत्रीण काठाकाठाने तळ्याला एक पूर्ण फेरी मारते आहे. तुम्ही तिच्यावरची नजर न काढता वळत राहिलात, तर ती निघाल्या जागी पोहोचेपर्यंत तुम्ही स्वतःभोवती पूर्ण ३६० अंश फिरलेल्या असाल. आता तीच फेरी कोणी पन्हाळ्याच्या तटावरून दुर्बिणीने पाहत असेल, तर त्याची दुर्बीण थोडी डावीकडे सरकेल, थोडी उजवीकडे सरकेल आणि शेवटी पहिल्याच दिशेला स्थिरावेल. तिचे एकंदर वळणे शून्य. चालणारी तीच, वाट तीच, काठही तोच. फरक इतकाच की एक पाहणारा फेरीच्या आत आहे आणि दुसरा बाहेर.

√झ मध्ये पाहणारा कायम शून्यावर उभा असतो आणि झ हा चालणारा बिंदू असतो. पाहणाऱ्याची नजर जितकी वळते त्याच्या निम्म्याने वर्गमुळाचा कोन वळतो. झ ने शून्याभोवती एक फेरी घेतली की झ चा कोन ३६० अंशांनी वाढतो, वर्गमुळाचा कोन १८० अंशांनी वाढतो, आणि १ या किमतीपासून निघालेले वर्गमूळ, मध्ये कुठेही उडी न घेता, −१ वर येऊन थांबते. दुसरी फेरी घेतली की ते पुन्हा १ होते. याउलट ४ भोवती १ त्रिज्येचे वर्तुळ घेतले, तर शून्य त्या वर्तुळाच्या बाहेर राहते, पाहणारा पन्हाळ्यावरच्या माणसासारखा असतो, आणि २ पासून निघालेली किंमत २ वरच परत येते. ४ पाशी दोन किंमती आहेत हे खरे. पण तिथे त्या दोघी शेजारी शेजारी, आपापल्या वाटेने, एकमेकींत न मिसळता नांदतात. अशा प्रत्येकीला आपण एक शाखा म्हणतो. शून्याभोवती मात्र त्या एकमेकींची जागा घेतात, आणि म्हणून शून्यापाशी त्यांना वेगळे करता येत नाही.

म्हणून व्याख्या अशी करावी: बिंदू अ भोवतीच्या कितीही लहान वर्तुळावर फलनाची किंमत सलगपणे नेत एक फेरी पूर्ण केली असता ती किंमत बदलत असेल, तर अ हा शाखाबिंदू. "कितीही लहान" हे शब्द सोडू नका. वर्तुळ मोठे घेतले तर दुसराच एखादा शाखाबिंदू आत सापडेल आणि दोष भलत्यावर येईल.

किमतींची संख्या ही कसोटी नाही, हे पटण्यासाठी √(झ²) पाहा. शून्य सोडून प्रत्येक ठिकाणी त्याच्या दोन किंमती आहेत, झ आणि −झ, आणि शून्यावर एकच आहे. म्हणजे तुमच्या वहीतल्या दृष्टीने हे √झ सारखेच दिसते. तरीही शून्याभोवती फेरी मारली की झ हा झ च राहतो, आणि शाखाबिंदू कुठेच नाही. तसेच √झ ची कोसाइन घ्या. सूत्रात वर्गमूळ उघड दिसते आहे, पण कोसाइन सम असल्यामुळे वर्गमुळाचे चिन्ह बदलले तरी उत्तर तेच राहते. त्याची घातश्रेढी १ − झ/२ + झ²/२४ − … अशी आहे आणि तिच्यात मुळाचा मागमूस नाही. परीक्षेत मुळाचे चिन्ह दिसले की लगेच शाखाबिंदू लिहून मोकळे होणारे विद्यार्थी मी अनेक वर्षे पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

शिरोली_अभियंता

सरांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलेच आहे. तिसऱ्याबद्दल मी लिहितो, कारण यंत्रांच्या कंपनांची मोजणी करणारे प्रोग्राम लिहिताना मला ही अडचण रोज येते.

संगणकाला तुम्ही कोणत्या वाटेने आलात हे ठाऊक नसते. त्याला एक संख्या मिळते आणि त्याने एकच उत्तर द्यायचे असते, म्हणून त्याचा कोन नेहमी −१८० ते १८० अंशांच्या दरम्यानच ठेवलेला असतो. त्यामुळे ऋण वास्तव अक्षावर त्याला उडी घ्यावीच लागते. कंपनाच्या आलेखात कोन वाढत वाढत १७९ अंशांवर जातो आणि पुढच्याच क्षणी −१७९ दिसतो. यंत्रात काहीही घडलेले नसते, ती मोजपट्टीची शिवण असते, आणि आम्हाला ३६० अंश मिळवून आलेख पुन्हा सलग करून घ्यावा लागतो.

आता तुमची दोन सूत्रे घ्या. √(झ² − १) या सूत्रात संगणक आधी झ² − १ काढतो आणि ती संख्या ऋण वास्तव झाली की उडी घेतो. हे −१ आणि १ च्या दरम्यान घडतेच, पण संपूर्ण काल्पनिक अक्षावरही घडते, कारण झ काल्पनिक असेल तर झ² ऋण असतो. म्हणजे या सूत्राने तुमच्या नकळत काल्पनिक अक्षाच्या वरपासून खालपर्यंत एक काप मारून ठेवला आहे, आणि तिथे तर शाखाबिंदूही नाही. २ वरून −२ वर जाताना तो अक्ष ओलांडावाच लागतो. गुणाकाराच्या सूत्रात −१ च्या डावीकडे दोन्ही वर्गमुळे एकाच वेळी चिन्ह बदलतात, दोन उणे मिळून अधिक होते, आणि काप केवळ −१ ते १ इतकाच उरतो. ते फलन दूरवर झ सारखे वागते, म्हणून −२ पाशी त्याची किंमत ऋण येणेच योग्य आहे. दोन्ही उत्तरे ३ चीच वर्गमुळे आहेत. फक्त शाखा निराळ्या आहेत. √अ गुणिले √ब बरोबर √(अब) हा नियम धन संख्यांसाठी शिकवलेला असतो आणि मुख्य किमतींच्या, म्हणजे संगणक निवडतो त्या किमतींच्या, बाबतीत तो सर्वत्र चालत नाही.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. पायथॉनमध्ये −१ या संख्येचा काल्पनिक भाग ०.० दिला तर वर्गमूळ आय येते आणि −०.० दिला तर −आय येते. शून्याचे चिन्ह संगणकात जपून ठेवलेले असते, ते कापाच्या कोणत्या काठावर आपण उभे आहोत हे सांगण्यासाठी उपयोगी पडते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला तो दोष वाटला होता. आता तो फार विचारपूर्वक केलेला निर्णय वाटतो.

शाखा_आणि_मूळ

मी पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवते. अभियंत्यांच्या "शिवण" या शब्दाला धरूनच दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. शाखाबिंदू फलनाचा असतो आणि काप आपला असतो. शाखाबिंदू कुठे आहेत हे फलनानेच ठरवलेले आहे, त्यात आपल्याला निवड नाही. काप मात्र आपण घालून घेतलेले कुंपण आहे, ज्यामुळे किंमत बदलणारी कोणतीही फेरी मारता येऊ नये. कुंपण सरळ असो, वाकडे असो, एकच असो की दोन असोत, एवढे काम त्याने केले की ते बरोबर.

आता √(झ² − १) पाहा. १ भोवती लहान फेरी मारली की किंमत −१ ने गुणली जाते; −१ भोवती मारली तरी तसेच होते. दोघांना मिळून वेढणारी मोठी फेरी मारली तर −१ गुणिले −१, म्हणजे १, आणि किंमत जशीच्या तशी परत येते. म्हणून −१ ते १ हा रेषाखंड कापणे पुरते: आता कुठलीही वाट दोघांपैकी एकालाच वेढू शकत नाही, आणि दोघांना वेढले तर काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत जाणारे काप घेतले तर कोणालाच वेढता येत नाही, तेही चालते. तुमची दोन्ही पुस्तके बरोबर आहेत.

अनंताचेही उत्तर यातच आले. अनंताभोवती फेरी म्हणजे सर्व सांत शाखाबिंदूंना वेढणारी प्रचंड फेरी. तिच्यावर किंमत बदलत नाही, म्हणून अनंत शाखाबिंदू नाही. झ ऐवजी १/व ठेवले की √(१ − व²) भागिले व असे रूप येते; व = ० पाशी साधा पोल आहे, म्हणजे फलन तिथे १/व सारखे अनंत होते, पण शाखा फुटत नाही. पण √(झ³ − झ) घेतले तर ०, १ आणि −१ असे तीन शाखाबिंदू, तीन वेळा −१, गुणाकार −१. तिथे अनंत चौथा शाखाबिंदू ठरतो. घनमुळाच्या बाबतीत प्रत्येक फेरीला कोन १२० अंशांनी सरकतो, त्यामुळे झ² − १ च्या घनमुळाला अनंतावर शाखाबिंदू आहे, परंतु (झ − १)² आणि (झ + १) यांच्या गुणाकाराच्या घनमुळाला नाही: २४० आणि १२० मिळून ३६० होतात. हा हिशोब एकदा हाताने करून पाहा. सूत्र पाठ करण्याची गरज उरणार नाही.

लॉगरिदमची गोष्ट जरा निराळी आहे. तिथे फेरी मारली की किंमत गुणली जात नाही, तर तिच्यात २ पाय आय (पाय म्हणजे π) मिळवले जातात, आणि कितीही फेऱ्या मारल्या तरी मूळ किंमत परत मिळत नाही. १७१२-१३ मध्ये लाइब्निझ आणि योहान बर्नुली यांच्यात ऋण संख्यांच्या लॉगरिदमवरून पत्रव्यवहारात वाद झाला होता. बर्नुलीचे म्हणणे असे की (−क्ष)² आणि क्ष² एकच आहेत, म्हणून −क्ष आणि क्ष यांचे लॉगरिदमही एकच असले पाहिजेत. लाइब्निझला ते मान्य नव्हते. ऑयलरने १७४९ मध्ये दाखवले की प्रत्येक संख्येला अगणित लॉगरिदम असतात आणि धन संख्येच्या त्या सगळ्यांत एकच वास्तव असते. दोन थोर गणिती एका किमतीसाठी भांडत होते, कारण किंमत एकच असणार हे दोघांनीही गृहीत धरले होते. विद्यार्थिनींना मी हा प्रसंग नेहमी सांगते, कारण या विषयात गोंधळ होणे ही कमी बुद्धीची खूण नाही.

एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवते. √(१ + √झ) या फलनाला झ = १ हा शाखाबिंदू आहे का?

एमएस्सी_भाग_एक, कोल्हापूर

सर, ताई आणि अभियंता दादा, तिघांचेही मनापासून आभार. होडी आणि पन्हाळा यांच्यामुळे माझी मुख्य अडचण दूर झाली: मी किंमती मोजत होते, फेऱ्या मोजायला हव्या होत्या.

−१ ते १ हा काप वापरून मी काल रात्री एक संकलन करून पाहिले. १ भागिले √(१ − क्ष²) याचे −१ पासून १ पर्यंतचे संकलन आपल्याला पाय हे उत्तर देते, हे बारावीपासून ठाऊक आहे. कापाच्या वरच्या काठावर √(झ² − १) ची किंमत आय √(१ − क्ष²) येते आणि खालच्या काठावर तिच्या उलट चिन्हाची येते. कापाला चिकटून घड्याळाच्या उलट दिशेने फेरी मारली, तर खालचा काठ आणि वरचा काठ एकमेकांना खोडण्याऐवजी मिळून संकलनाच्या २ आय पट होतात. हीच फेरी मोठी करत नेली तर दूरवर फलन १/झ सारखे वागते, म्हणून तिचे मूल्य २ पाय आय. दोन्ही बाजू समान केल्या की पाय मिळतो. काठांवरचा चिन्हबदल हा मला आतापर्यंत त्रास वाटत होता. इथे तर उत्तरच त्याच्यामुळे निघाले.

ताईंच्या उदाहरणावर मी थांबले आहे. झ = १ पाशी √झ ची किंमत १ घेतली तर आत २ येतात आणि काहीच अडत नाही. −१ घेतली तर आत शून्य येते आणि तिथे शाखा फुटते. मग १ हा शाखाबिंदू आहे, असे म्हणायचे की नाही?

शाखा_आणि_मूळ

तुम्ही जे लिहिले आहे तेच पूर्ण उत्तर आहे. १ हा एका पत्र्यावर, म्हणजे एका किमतीसाठी घेतलेल्या प्रतलाच्या प्रतीवर, शाखाबिंदू आहे आणि दुसऱ्या पत्र्यावर साधा बिंदू आहे. "या फलनाचा हा शाखाबिंदू" असे नुसते म्हणणे अपुरे पडते. कोणत्या किमतीपासून निघून फेरी मारली, हेही सांगावे लागते. प्वीझोने १८५० मध्ये आपल्या निबंधात बैजिक फलनांच्या किंमती वाटेवाटेने नेऊन त्यांची अदलाबदल तपासली, आणि पुढच्याच वर्षी रीमानने गटिंगेनच्या प्रबंधात प्रत्येक किमतीला स्वतःचा पत्रा देऊन ते पत्रे शाखाबिंदूंपाशी एकमेकांना जोडले. त्यानंतर "एका बिंदूला अनेक किंमती" असे म्हणण्याची गरजच राहिली नाही. बिंदूच अनेक झाले आणि प्रत्येकाला एक किंमत मिळाली.

निवृत्त_गणितशिक्षक, राजारामपुरी

एक जोड देतो, कारण शाखाबिंदू वास्तव अक्षावर नसूनही वास्तव गणितात कसा जाणवतो हे फारसे शिकवले जात नाही. स्पर्शज्येच्या व्यस्त फलनाची श्रेढी, क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५ − …, ही क्ष एकपेक्षा मोठा झाला की कोलमडते. फलन तर संपूर्ण वास्तव अक्षावर सुरळीत आहे, मग श्रेढीला अडवले कोणी? आय आणि −आय या दोन शाखाबिंदूंनी. ते शून्यापासून १ अंतरावर आहेत आणि श्रेढीला त्यांच्यापलीकडे जाता येत नाही. केरळमधील संगमग्रामच्या माधवाच्या नावाने ओळखली जाणारी श्रेढी, १ − १/३ + १/५ − …, ही क्ष = १ ठेवून मिळते, म्हणजे नेमकी त्या वर्तुळाच्या कडेवर, आणि म्हणूनच ती इतक्या संथपणे पाय/४ कडे सरकते. याच परंपरेत १/√३ ही किंमत ठेवून √१२ ने सुरू होणारी पायची श्रेढीही सापडते. ती कडेपासून बरीच आत असल्यामुळे भराभर अभिसारी होते.

आता √(१ + √झ) बद्दल. या किमतीला व म्हणा आणि उलट बाजूने पाहा: झ = (व² − १)². व दिला की झ एकमेव मिळतो, आणि झ दिला की सामान्यतः चार व मिळतात, म्हणजे पत्रे चार. शाखा कुठे फुटतात हे आता अवकलनच सांगते, कारण ४व(व² − १) हे शून्य होणे म्हणजे दोन व एकमेकांत मिळणे. व = ० असताना झ = १ येतो, आणि झ = १ चे उरलेले दोन व, √२ आणि −√२, स्वस्थ राहतात; ताईंनी विचारलेले उदाहरण ते हेच. व = १ आणि व = −१ असताना झ = ० येतो, म्हणजे शून्यापाशी चारही पत्रे दोन-दोनच्या जोड्यांनी अदलाबदल करतात. अनंतावर व हा झ च्या चतुर्थमुळासारखा वागतो, तेव्हा तिथे मूळ किंमत परत मिळण्यासाठी चार फेऱ्या लागतात. १ भोवतीची एक फेरी आणि ० भोवतीची एक फेरी लागोपाठ मारल्यावर चार पत्र्यांचे असेच चक्र तयार होते का, हे त्या चार किंमतींना क्रमांक देऊन कागदावर पडताळून पाहा.